जुना ट्विन-लेन्स कॅमेरा: यशिका-मॅट घ्यावा की रोलिकॉर्ड? आणि दुरुस्ती स्वतः कुठवर करावी?

मुळाकाठ

मंडळी, नमस्कार.

बरेच दिवस मनात होतं, यंदा करायचंच ठरवलंय. वरखाली दोन भिंगं असलेला, छातीपोटाशी धरून वरून काचेत बघायचा तो ट्विन-लेन्स रिफ्लेक्स कॅमेरा घ्यायचाय. कपाटात शोभेला ठेवायला नाही, १२० चा (रुंद पट्टीचा, कागद लावलेला) फिल्मचा रोल घालून वापरायला.

समोर दोन कॅमेरे आहेत. पहिला यशिका-मॅट १२४जी, मुंबईत फोर्टमधल्या एका विक्रेत्याकडे. सर्व्हिस केलेला आहे, उजेड मोजायचा मीटरही चालतो असं तो सांगतो, २२,००० मागतोय. दुसरा रोलिकॉर्ड व्हीबी, कोल्हापुरात ओळखीच्या घरातल्या आजोबांचा. कित्येक वर्षं चामडी केसमध्येच पडून आहे. १ सेकंदावर शटर उघडतं ते उघडंच राहतं, खालच्या भिंगात कडेला बुरशीचे धागे दिसतात, आरसा धुरकट झालाय. ते ९,००० ला द्यायला तयार आहेत.

माझा कल रोलिकॉर्डकडे आहे, पण मनात धाकधूक आहे. यातलं काय दुरुस्त होतं, काय होत नाही? घरी काय करावं आणि कशाला हात लावू नये? ज्यांनी असे कॅमेरे वापरलेत त्यांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

शटरवेडा_नाशिक

रोलिकॉर्ड. डोळे झाकून.

पावसाळी_डोळा

@शटरवेडा, डोळे झाकून नको, उघडे ठेवूनच घेऊ दे त्यांना. :)

मुळाकाठ, आधी नाव बाजूला ठेवा. यशिका की रोलाय (रोलिकॉर्ड करणारी कंपनी) यापेक्षा समोरचा नग कसा आहे हे महत्त्वाचं. चांगल्या अवस्थेतली यशिका ही मोडक्या रोलायपेक्षा कधीही बरी. दोघांचं भिंग एकाच जातीचं आहे. यशिकाचं यशिनॉन ८० मिमी, रोलिकॉर्डचं श्नायडरचं झेनार ७५ मिमी, दोन्ही एफ ३.५ (भिंगाचं तोंड किती उघडतं त्याचा आकडा), दोन्हीत चार काचा तीन गटांत, म्हणजे टेसार या प्रसिद्ध भिंगाचीच रचना. एफ ८ ला काढलेल्या दोन निगेटिव्ह शेजारी ठेवल्या तर कुठली कोणाची हे मी तरी छातीठोकपणे सांगणार नाही.

बघायला जाल तेव्हा एक टॉर्च न्या. मागचं दार उघडा, शटर 'बी'वर (बटण दाबलेलं असेपर्यंत उघडं राहतं ती खूण) ठेवून उघडं धरा आणि मागून टॉर्च मारा. बुरशी जाळ्यासारखी दिसते, धुकं सगळीकडे सारखं दुधाळ दिसतं. कडेला इंद्रधनुष्यी चंद्रकोर दिसली तर चिकटवलेल्या दोन काचा सुटायला लागल्यात. बुरशी निघू शकते, सुटलेल्या काचांवर मात्र घरगुती इलाज नाही. तसं असेल तर किंमत आणखी पाडा किंवा सोडून द्या.

आनंदी_कासव

बुरशीवाला कॅमेरा घरात आणूच नका, बाकीच्या लेन्सना लागते. माझं स्पष्ट मत.

पावसाळी_डोळा

@आनंदी_कासव, हे मत खूप ठिकाणी वाचलंय, पण मला पटत नाही. बुरशीचे बीजकण हवेत सगळीकडे असतातच. ती वाढते दमटपणा आणि अंधारामुळे. मी रत्नागिरीत राहतो. इथे जून ते सप्टेंबर काहीही उघड्यावर ठेवलं तर बुरशी येते, शेजारी आधीचा बुरशीवाला कॅमेरा असो वा नसो. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आत एक छोटा आर्द्रतामापक. ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान ठेवलं की झालं.

आणि मुळाकाठ, ती चामडी केस! तीच खरी गुन्हेगार आहे. चामडं ओल धरून ठेवतं. केस दिसायला कितीही देखणी असली तरी कॅमेरा तिच्यात बंद करून ठेवू नका. केस वेगळी, कॅमेरा वेगळा.

घड्याळजी

माझा धंदा घड्याळदुरुस्तीचा, साताऱ्यात. कॅमेऱ्याची शटरं गेली अनेक वर्षं हौसेनं करतो, म्हणून शटरपुरतं लिहितो.

१ सेकंदाला उघडं राहणं हा दोष ऐकायला भयंकर वाटतो, पण बहुतेक वेळा तो सगळ्यात साधा असतो. रोलिकॉर्डचं सिंक्रो-कॉम्पुर हे पानांचं शटर, भिंगाच्या मध्येच बसवलेलं. त्यात सावकाश वेगांसाठी एक वेगळी चक्रांची साखळी असते आणि शेवटी लंगर. लंगर टिकटिकतो तितका वेळ पानं उघडी राहतात. पन्नास-साठ वर्षांत त्यातलं तेल वाळून गोंद होतं, लंगर हलत नाही, पानं मिटत नाहीत. काही तुटलेलं नसतं. ती साखळी बाहेर काढून स्वच्छ पेट्रोलमध्ये धुतली, वाळवली आणि मोजक्या चुळांना सुईच्या टोकानं तेल लावलं की परत चालते.

तपासताना सगळे वेग लावून बघा. १/१२५, १/२५० ठीक आणि फक्त १ ते १/८ अडकत असतील तर दोष त्या साखळीतच आहे. सगळेच वेग अडकत असतील तर पानांवर तेल आलंय. पानं पूर्ण कोरडी हवीत, त्यांना तेलाचा थेंबही चालत नाही.

दोन गोष्टी मात्र करू नका. शटर कॉक केल्यानंतर (म्हणजे फोटोसाठी ताणून तयार केल्यावर) वेग १/५०० वर नेऊ नका. त्या वेगासाठी कॉम्पुरमध्ये जादा स्प्रिंग ताणली जाते, म्हणून १/५०० आधी लावायचा, मग कॉक करायचं. दुसरं, सेल्फ-टायमरच्या खटक्याला हात लावू नका. तोही त्याच वाळक्या तेलात असतो. मध्येच अडकला तर शटर अख्खंच बंद पडतं.

शटरवेडा_नाशिक

घड्याळजींना दंडवत. वाचनखूण साठवली.

पण एक विचारतो. शटर न काढता समोरची काच उघडून लायटरचं पेट्रोल दोन थेंब सोडलं तर काम होत नाही का? व्हिडिओत सगळे तेच करतात.

घड्याळजी

होतं. थोडे दिवस. घाण विरघळते, पसरते आणि पेट्रोल उडालं की पुन्हा तिथेच बसते. शिवाय ती पानांवर आणि मागच्या काचेवर उतरते. दोष नक्की तेलाचाच आहे की नाही हे बघण्यापुरतं मी हे मान्य करेन, दुरुस्ती म्हणून नाही.

डिजिटलच_बरा

प्रामाणिक प्रश्न आहे, वाद घालायचा हेतू नाही. १२० चा एक रोल हजाराच्या आगेमागे, धुणं आणि स्कॅन वेगळं. १२ फोटो. म्हणजे एका फोटोला सव्वाशे रुपये पडतात. त्यात कॅमेरा, दुरुस्ती. एवढं करून हाती जे येतं ते फोनमधल्या फोटोपेक्षा वेगळं असतं का?

स्टुडिओवाल्यांची_लेक

@डिजिटलच_बरा, याचं उत्तर मला द्यायचंय, थोडं लांबेल.

वडिलांचा सांगली जिल्ह्यात स्टुडिओ होता. यशिका-मॅट हाच आमचा घर चालवणारा कॅमेरा. लग्नाचं काम आलं की किती रोल घ्यायचे हे आधी ठरायचं आणि एका रोलला १२ म्हणजे १२. दादा (आम्ही वडिलांना दादा म्हणतो) मंगलाष्टकांच्या आधीच मनात मांडणी करून ठेवायचे. अंतरपाट दूर होतानाचा एक, सप्तपदीचा एक, कन्यादानाचा एक, दोन्हीकडच्या आजीआजोबांचा एक, पाठवणीचा एक. ऐन वेळी मामा आडवे आले तर फ्रेम गेली, म्हणून मामांना ते आधीच शेजारी उभं करून घ्यायचे. :)

रात्री धुवायचं काम. निगेटिव्ह ५६ मिमी बाय ५६ मिमी. पस्तीस मिमीच्या फ्रेमच्या साडेतीन पटीहून जास्त जागा. म्हणून दादा तिच्यावर पेन्सिलनं रिटच करू शकायचे. डोळ्याखालची वर्तुळं, देवीचे व्रण, टोकदार शिसपेन्सिलीनं ठिपके देत देत. पस्तीस मिमीवर हे हातानं करणं जवळजवळ अशक्य. तुम्ही विचारता की काय वेगळं असतं. माणसांच्या चेहऱ्यावरचा तो सावलीतून उजेडात जाणारा उतार त्या निगेटिव्हवर जसा उतरतो, तसा मला फोनच्या फोटोत अजून दिसलेला नाही. शिवाय त्या लग्नांतले फोटो आज पन्नास वर्षांनी आम्ही पुन्हा छापून देतो. लोक येतात, साल सांगतात, निगेटिव्ह लिफाफ्यात असते.

आणि कॅमेऱ्याकडे खाली मान घालून बघणाऱ्या माणसासमोर खेड्यातल्या बायका लाजत नसत, हे दादा नेहमी सांगायचे. डोळ्याला लावलेला कॅमेरा रोखल्यासारखा वाटतो.

सह्यकडा

स्टुडिओवाल्यांची_लेक, फार सुंदर लिहिलंय. तुमच्या वडिलांच्या स्टुडिओवर वेगळा धागा काढाच.

कमरेपाशी धरण्याबद्दल अनुमोदन. व्हिव्हियन मायरचे शिकागोच्या रस्त्यांवरचे फोटो रोलायफ्लेक्सवरचे (रोलिकॉर्डच्याच घराण्यातला कॅमेरा) आहेत. हयातभर कुणाला फारसे न दाखवलेले हे फोटो २००७ मध्ये तिच्या गोदामातल्या सामानाचा लिलाव झाला तेव्हा जगासमोर आले. रस्त्यावरची माणसं थोडी खालून, ताठ उभी, आपल्याच तंद्रीत दिसतात, त्यात त्या धरण्याचा वाटा आहे.

आपल्याकडे होमाई व्यारावाला. शिक्षण मुंबईत जे. जे. मध्ये, मग दिल्लीत स्वातंत्र्याच्या आधीपासून १९७० पर्यंत वृत्तछायाचित्रण. २०११ मध्ये पद्मविभूषण. त्या काळच्या गर्दीत, साडी नेसून, जड कॅमेरे सांभाळत केलेलं ते काम आहे.

मी स्वतः वारीत यशिका नेतो. दिवे घाटात गर्दी इतकी असते की समोर फक्त पाठी दिसतात. तेव्हा कॅमेरा उलटा करून डोक्यावर धरायचा आणि मान वर करून काचेत बघायचं. दिंडी वरून दिसते. हे या कॅमेऱ्याला छान जमतं. मात्र काचेत उजवं-डावं उलट दिसतं. पताका उजवीकडे चाललेली असली की हात सवयीनं चुकीच्या बाजूला वळतो. महिनाभर घरच्या मांजरामागे फिरून सराव करा, अंगवळणी पडतं.

कोल्हापुरी_रस्सा

अवांतर: आमच्या घरी आगफा क्लिक थ्री होता, बडोद्याला तयार झालेला. त्यातही १२० चाच रोल आणि १२ फोटो. रंकाळ्यावर काढलेला सगळ्या भावंडांचा फोटो अजून भिंतीवर आहे. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची इंदू फिल्म कोणाला आठवते का?

स्टुडिओवाल्यांची_लेक

आठवते तर! तो कारखाना बंद झाला याचं दादांना फार वाईट वाटलं होतं. देशात फिल्म तयार होत होती ही साधी गोष्ट नव्हती.

हानोव्हरहून

मी इथे जर्मनीत हानोव्हरला राहतो. रोलाय जिथे तयार व्हायचा ते ब्राउनश्वाइग इथून रेल्वेनं तासाभराच्या आत. म्हणून थोडा इतिहास, कारण खरेदीशी त्याचा संबंध आहे.

पाउल फ्रांके आणि राइनहोल्ड हाइडेके यांनी १९२० मध्ये कारखाना काढला. आधी ते त्रिमिती फोटोंचे कॅमेरे करायचे, हाइडोस्कोप आणि मग रोलायडोस्कोप. त्यात तीन भिंगं असत, दोन फोटो घ्यायला आणि मधलं बघायला. त्यातलं एक कमी करून कॅमेरा उभा केला की झाला रोलायफ्लेक्स, १९२९. पहिल्यात ११७ क्रमांकाचा रोल आणि सहाच फोटो होते. १२० चा रोल १९३२ पासून. रोलिकॉर्ड १९३३ मध्ये आला, कमी किमतीत हौशी लोकांना परवडावा म्हणून. स्वस्त केला तो हँडल काढून गोल मूठ दिली आणि शटर आपोआप कॉक होणं काढलं म्हणून, धातूकामात आणि नेमकेपणात नाही. यंत्रणा साधी असल्यानं बिघडण्याच्या जागाही कमी. म्हणून जुना घ्यायचा तर मी रोलायफ्लेक्सपेक्षाही रोलिकॉर्ड सुचवतो.

व्हीबी हे शेवटचं मॉडेल, १९६२ पासूनचं. वरचा हूड काढता येतो, त्यामुळे आरसा आणि काच बदलणं सोपं. कंपनी २००९ मध्ये दिवाळखोरीत गेली, तिच्या जागी आलेलीही २०१५ पर्यंत संपली. नवे सुटे भाग कोणी करत नाही. भाग लागला तर दुसऱ्या मेलेल्या कॅमेऱ्यातूनच काढावा लागतो.

आनंदी_कासव

@हानोव्हरहून, म्हणजेच यशिका घ्यावी! भाग मिळत नसतील तर नऊ हजारांचा रोलिकॉर्ड उद्या पेपरवेट होईल. यशिका निदान भारतात ढिगानं आल्या होत्या. जुन्या स्टुडिओवाल्यांकडे मेलेल्या यशिका अजून मिळतात, पुण्यात जुन्या बाजारातसुद्धा.

हानोव्हरहून

मुद्दा बरोबर आहे. तुमच्या शहरात यशिकाचा जाणकार असेल तर तो मोठा आधार. फक्त यशिका-मॅटचं हँडल हे तिचं नाजूक ठिकाण आहे. फिल्म सरकवणं आणि शटर कॉक करणं दोन्ही त्याच दातऱ्यांवर आहे. हँडल फिरवताना कुठे अडखळतं का, मागे फिरताना खडखडतं का, हे रिकामा रोल घालून बाराही फ्रेम मोजत बघा. फोर्टमधला विक्रेता 'सर्व्हिस केलाय' म्हणतो, तर काय काय केलं ते विचारा. आरसा पुसला आणि बाहेरून चमकवला एवढ्यालाही सर्व्हिस म्हणतात.

शटरवेडा_नाशिक

१२४जीच्या मीटरबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. तो १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर बेतलेला आहे. ते सेल आता बनत नाहीत. १.५ व्होल्टचा अल्कलाइन घातला की काटा हलतो, विक्रेता 'चालतो' म्हणतो, पण आकडा चुकतो. श्रवणयंत्राचे ६७५ नंबरचे झिंक-एअर सेल १.४ व्होल्टच्या आसपास असतात, औषधाच्या दुकानात मिळतात, व्यासाला लहान म्हणून कडेनं एक रिंग घालायची. ते काही आठवड्यांत संपतात, पण स्वस्त आहेत.

खरं तर मीटरसाठी जादा पैसे देऊच नका. फोनमधलं मीटरचं ॲप पुरतं. उन्हात तर तेही नको. ४०० वेगाची (आयएसओ) फिल्म असेल तर एफ १६ आणि १/५००. सावलीत गेलात की ॲपर्चर (भिंगाचं तोंड) तीन पायऱ्या उघडा.

मुळाकाठ

इतकं भरभरून लिहिताय, खूप आभारी आहे. या रविवारी कोल्हापूरला जातोय. शटरचा वेग तिथल्या तिथे मोजायचा काही उपाय आहे का? आणि आरशाचं काय करायचं?

पावसाळी_डोळा

वेग: फोनवर सेकंदाला २४० फ्रेमचा स्लो-मोशन व्हिडिओ घ्या. मागचं दार उघडं, समोर खिडकी. मग फ्रेम मोजा. १/३० ला साधारण ८ फ्रेम उजेड दिसायला हवा, १/१५ ला १६. १/६० च्या पुढे ही पद्धत कामाची नाही. तिथे थोडा फरक असला तरी निगेटिव्ह फिल्म तो पोटात घेते.

आरसा: हे घरी करण्यासारखं पहिलं काम, पण तुमचं स्नानगृहातल्या आरशाचं ज्ञान इथे विसरा. यात चांदी काचेच्या पुढच्या पृष्ठभागावर असते. नेहमीचा आरसा कापून बसवला तर काचेत दोन प्रतिमा दिसतात, कारण पुढची काच आणि मागचा पारा दोन्हीकडून उजेड परततो. जुना आरसा कापडानं पुसाल तर चांदीच निघून येईल. फुंकणीनं धूळ उडवायची, फार तर डिस्टिल्ड पाण्यात भिजवलेला कापूस स्वतःच्या वजनानं ओढायचा. गेलेला असेल तर 'फ्रंट सरफेस' आरसा मागवा, जुन्याइतक्याच जाडीचा. जाडी बदलली की काचेत स्पष्ट दिसतंय ते फिल्मवर अस्पष्ट येईल.

म्हणूनच आरसा, काच किंवा भिंग कशालाही हात लावलात तर शेवटी हे करायचंच: मागच्या दाराच्या जागी, फिल्म बसते त्या दोन रुळांवर घासलेली काच ठेवा (साध्या काचेवर ताणून लावलेला ट्रेसिंग पेपरही चालतो, घासलेली बाजू भिंगाकडे), शटर 'बी'वर उघडं ठेवा आणि दूरचा मोबाइल टॉवर वगैरे भिंगानं बघा. मागे स्पष्ट आणि वरच्या काचेतही स्पष्ट, असं दोन्हीकडे एकाच वेळी हवं. मग दोन मीटरवरच्या वर्तमानपत्रावर तेच. दोन्हीकडे जुळलं तर कॅमेरा धडधाकट.

कोल्हापुरात आणखी एक बघा. फोकसची मूठ फिरवून दोन्ही भिंगं बसवलेली पुढची पाटी बाहेर काढा आणि व्हर्नियरनं चारी कोपऱ्यांत अंगापासूनचं अंतर मोजा. कॅमेरा कधी पडला असेल तर पाटी तिरकी होते. बुरशीला मी घाबरत नाही, तिरक्या पाटीला घाबरतो.

डिजिटलच_बरा

बुरशी स्वतः काढता येते का? विचारतोय कारण आता मलाच उत्सुकता वाटायला लागली आहे. माझ्या सासऱ्यांकडे एक ल्युबिटेल आहे, रशियन.

पावसाळी_डोळा

स्वागत आहे. :) ल्युबिटेल शिकायला उत्तम, त्यात फारसं काही अवघड नाही. वरच्या आणि खालच्या भिंगाच्या कडेला दाते आहेत, एक फिरवलं की दुसरं फिरतं. फोकस जुळवायला तीन छोटे स्क्रू सैल केले की काम होतं.

बुरशी: काच बाहेर येत असेल तर आधी आयसोप्रोपिल अल्कोहोल. नाही गेली तर हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अमोनिया थोडं थोडं मिसळून कापसानं, खिडकी उघडी ठेवून. मिश्रण लागेल तेवढंच करायचं, बाटलीत बंद करून ठेवायचं नाही, दाब होऊन फुटते. मागचा चिकटवलेला जोड अल्कोहोलमध्ये बुडवू नका. बुरशीनं कोटिंग खाल्लं असेल तर डाग राहतात. कडेला राहिले तर फोटोत काही फरक पडत नाही.

घड्याळजी

यात माझी एक भर. जपानी कॅमेऱ्यांचे स्क्रू आपल्या नेहमीच्या फिलिप्स स्क्रूड्रायव्हरनं खोलू नका. त्यांची चार बोटांची खाच वेगळ्या मापाची असते, जेआयएस म्हणतात. साधा स्क्रूड्रायव्हर वर सरकतो आणि डोकं खाऊन टाकतो. भिंगाच्या रिंगा स्पॅनरनंच. कात्रीची दोन टोकं खाचेत घालून फिरवलेल्या किती रिंगा माझ्याकडे आल्यात!

आणि घरी कुठवर करावं या मूळ प्रश्नाचं माझं उत्तर: आरसा, वरची काच, बाहेरचं रेक्झिन, समोरच्या काचेची पुढची-मागची बाजू, हे करा. शटरची साखळी आणि फोकसचं ग्रीस अनुभव असलेल्या माणसाकडे द्या. पातळ ग्रीस उन्हाळ्यात वितळून पानांवर उतरतं, मग एका दुरुस्तीच्या दोन होतात.

आनंदी_कासव

मी शटरही घरी केलं होतं आणि ते आजही चालतं. हात स्थिर असेल आणि प्रत्येक पायरीचा फोटो काढत गेलं तर सामान्य माणसालाही जमतं. सगळं कारागिराकडेच द्यायचं तर पुढच्या पिढीत कारागीर येणार कुठून?

घड्याळजी

या शेवटच्या वाक्याला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. खरं आहे. साताऱ्यात माझ्यानंतर हे करणारं कोणी नाही. कुणाला शिकायचं असेल तर या, मी शिकवीन. सुरुवात मात्र मेलेल्या शटरवर करायची, आजोबांच्या कॅमेऱ्यावर नाही.

सह्यकडा

घड्याळजी, मी येणार. गंभीरपणे लिहितोय.

कोल्हापुरी_रस्सा

रेक्झिनचं निघालंय म्हणून. बाजारातलं रेक्झिन जाड पडतं आणि कडेला उचकटतं. आमच्याकडे चपलांचे कारागीर बकऱ्याचं चामडं रापीनं तासून हवं तितकं पातळ करून देतात. अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास तासून घ्या. जुनं कातडं अख्खं निघालं तर त्यावरूनच आकार कापायचा. चिकटवायला पक्का डिंक नको, पुन्हा उघडता आलं पाहिजे, कारण समोरच्या पाटीचे स्क्रू त्या कातड्याखालीच असतात. पातळ दुहेरी टेप उत्तम.

मुळाकाठ

कोल्हापूरहून आलो. घेतला!

पाटी चारी कोपऱ्यांत सरळ निघाली. काचा सुटलेल्या नाहीत, बुरशी फक्त पुढच्या काचेच्या आतल्या कडेला आहे. १/३० पासून वर सगळे वेग मोकळे, १/१५ पासून खाली अडकतात, म्हणजे घड्याळजींनी म्हटलं तसा दोष साखळीतच. आजोबा स्वतः हजर होते. किंमत त्यांनी आपणहून आणखी कमी केली, अट एकच, पहिल्या रोलमधला एक फोटो त्यांना छापून द्यायचा.

ठरवलंय ते असं: शटर घड्याळजींकडे साताऱ्याला, आरसा आणि कातडं मी करणार. आता पुढचे प्रश्न. पहिला रोल कोणता आणि भरताना काय जपायचं?

स्टुडिओवाल्यांची_लेक

अभिनंदन! आजोबांचाच फोटो काढा आणि तो हाताने छापून द्या.

रोल: इलफर्ड एचपी५, कृष्णधवल. चुका माफ करणारी फिल्म आहे. डी-७६ डेव्हलपरमध्ये (फिल्म धुवायचं रसायन) पातळ न करता, २० अंशाला साडेसात मिनिटं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये नळाचं पाणी तिशीला जातं, म्हणून टाकीभोवती परातीत बर्फाचं पाणी ठेवा. २० जमत नसेल तर २४ अंशाला सव्वापाच मिनिटं. पाचच्या खाली जाऊ देऊ नका, निगेटिव्हवर असमान पट्टे येतात. आणि प्रत्येक फ्रेमचा वेग आणि ॲपर्चर वहीत लिहा. पहिल्या रोलच्या निगेटिव्हवरूनच कळेल कुठला वेग अजून सावकाश चालतोय.

हानोव्हरहून

भरताना: रोलायफ्लेक्स ऑटोमॅटमध्ये कागद दोन रुळांच्या मधून घालावा लागतो, तुमच्या रोलिकॉर्डमध्ये तसं नाही. कागदावरचे बाण कडेच्या लाल ठिपक्यांसमोर आले की दार बंद करा आणि मूठ आपोआप थांबेपर्यंत फिरवा, तिथे १ येतो. थेट उन्हात भरू नका, सावलीत भरा. संपल्यावर रोल घट्ट गुंडाळून लगेच चिकटवा, सैल सुटला की कडेनं उजेड शिरतो. इकडे कधी आणलात तर विमानतळावर फिल्म हातात देऊन तपासायला सांगा. नव्या सीटी यंत्रांतून गेलेली फिल्म धुरकटते.

लेन्सहूड आणि फिल्टर बे-१ मापाचे (भिंगाच्या कडेच्या खाचेचं माप) घ्या. यशिका-मॅटचेही चालतात, रोलायच्या निम्म्या किमतीत मिळतात.

घड्याळजी

कॅमेरा कुरिअरनं पाठवू नका, स्वतः घेऊन या. शटर कॉक न करता, वेग १/१२५ वर ठेवून आणा. साखळी तुमच्यासमोरच धुवू. सह्यकडा, तुम्हीही त्याच दिवशी या, सोमवार सोडून कधीही.

कोल्हापुरी_रस्सा

मुळाकाठ, जुन्या कातड्याची मापं आणि एक तुकडा नमुन्याला पाठवा. दोन आठवड्यांनी घरी जातोय, चामडं तासून आणतो. काळं की तपकिरी ते कळवा.

मुळाकाठ

काळंच. मापं उद्या पाठवतो.